माणूस फोडण्याचं काम

सीआयएमध्ये केस ऑफिसरची बढती बरीचशी एका प्रश्नावर ठरत आली आहे: तू किती परदेशी माणसं फोडलीस? पण शीतयुद्धातले त्यांचे सगळ्यात मोलाचे सोव्हिएत एजंट बघितले, तर त्यातल्या बऱ्याच जणांना कुणी फोडलंच नव्हतं. प्योत्र पोपोव हा लष्करी गुप्तचर खात्याचा, म्हणजे जीआरयूचा, अधिकारी. त्याने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात एका अमेरिकन राजनैतिक अधिकाऱ्याच्या गाडीत चिठ्ठी टाकली. जीआरयूचाच कर्नल ओलेग पेन्कोव्स्की याने ऑगस्ट १९६०मध्ये मॉस्कोतल्या एका पुलावर अमेरिकन विद्यार्थ्यांच्या हातात पत्र ठेवलं. रडार बनवणाऱ्या संस्थेतला इंजिनिअर अडॉल्फ टोल्काचेव्ह जानेवारी १९७७मध्ये मॉस्कोतल्या पेट्रोल पंपावर थेट सीआयएच्या स्टेशन प्रमुखाच्या, म्हणजे तिथल्या गुप्त कार्यालयाच्या प्रमुखाच्या, गाडीपाशी गेला. तिघंही आपल्या पायांनी आले.

मग ऑफिसर पगार कशाचा घेतो? माझ्या मते, समोरच्याला ‘हो’ म्हणायला लावणं हा या नोकरीतला सगळ्यात छोटा तुकडा आहे. त्याआधीची चाळणी आणि त्यानंतर त्या माणसाला जिवंत ठेवणं, यातच कामाचे नव्वद टक्के तास जातात. मोठ्या चुकाही तिथेच होतात.

आधी कोण कोण आहे ते स्पष्ट करू. केस ऑफिसर हा सीआयएचा पगारी नोकर. एजंट म्हणजे त्याने जोडलेला परदेशी माणूस. कागद एजंट चोरतो, ऑफिसर तो घेतो आणि पुढे पाठवतो. पकडले गेले तर दोघांच्या वाटा वेगळ्या. ऑफिसर दूतावासाच्या यादीत असेल तर १९६१च्या व्हिएन्ना करारामुळे त्याला अटकेत ठेवता येत नाही. ‘नको असलेली व्यक्ती’ म्हणून जाहीर करतात आणि विमानात बसवतात. पोपोव, पेन्कोव्स्की आणि टोल्काचेव्ह यांना मात्र गोळी घातली. ज्यांच्याकडे दूतावासाचं कव्हर, म्हणजे दाखवायची नोकरी, नसतं, जे व्यापारी किंवा सल्लागार म्हणून राहतात, त्यांना हे संरक्षण नाही. म्हणूनच अशा लोकांची संख्या कमी असते आणि त्यांच्याकडची कामंही वेगळी असतात.

दूतावासातल्या ऑफिसरचा दिवस दोन पाळ्यांचा. सकाळी तो खरोखरच सेकंड सेक्रेटरी असतो. व्हिसाच्या खिडकीमागे बसतो, आर्थिक अहवाल लिहितो, शिष्टमंडळाला विमानतळावर घ्यायला जातो. हे काम नीट केलं नाही तर कव्हर टिकत नाही. दूतावासातला स्थानिक कारकूनसुद्धा आठवड्याभरात ओळखतो की या साहेबाच्या टेबलावर फाइल नाही, तरी साहेब रात्री आठपर्यंत वरच्या मजल्यावर असतो. संध्याकाळी दुसरी पाळी: कुठल्यातरी देशाच्या राष्ट्रीय दिनाचं स्वागत, टेनिस क्लब, भाषेचा वर्ग, मुलांच्या शाळेचा कार्यक्रम. अशा ठिकाणी गप्पा मारायला रंगेल माणूस शोधायचा नसतो. ज्याच्या हाताखालून हवे ते कागद जातात तो शोधायचा असतो. राजदूतापेक्षा संकेतलिपीचा कारकून मोलाचा, हे या धंद्यातलं जुनं गणित.

ओळख झाली की लगेच मुख्यालयाला केबल, म्हणजे गुप्त तार, जाते. त्यात नाव, अंदाजे वय, हुद्दा, आधीच्या नेमणुका, कुठली भाषा कितपत येते हे सगळं असतं. मुख्यालय जुन्या नोंदी तपासून कळवतं. कदाचित दुसऱ्या स्टेशनने पाच वर्षांपूर्वी याच माणसावर प्रयत्न केलेला असतो, कदाचित तो केजीबीचा, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर संस्थेचा, असल्याची नोंद सापडते. काही हाती लागलं तर त्याच्या नावे व्यक्तिगत फाइल उघडते. त्यांच्याकडे तिला ‘२०१’ म्हणतात. मग सांकेतिक नाव मिळतं. पहिली दोन अक्षरं देशाची किंवा विभागाची, पुढे यादीतून उचललेला शब्द. टोल्काचेव्हचं नाव होतं ‘सीके-स्फिअर’. ही अक्षरं अधूनमधून बदलतात. पुढच्या टप्प्याला तात्पुरती मंजुरी लागते, त्यासाठी दोन भागांची लांबलचक प्रश्नावली भरावी लागते. पहिल्या भागात माणसाची कुंडली, दुसऱ्यात त्याला कसं वापरणार याचा आराखडा. हेरगिरीवर वाचणाऱ्यांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. पण दहा वर्षांनी त्या माणसाचा पाचवा ऑफिसर जेव्हा फाइल उघडतो, तेव्हा पहिल्या ऑफिसरने लिहिलेली ‘डाव्या कानाला कमी ऐकू येतं, गर्दीच्या हॉटेलात भेटू नये’ ही ओळ कामाला येते.

त्यानंतर येते ओळख वाढवण्याची पायरी. ती महिनेच्या महिने चालते, कधी दोन वर्षंही. स्वागत समारंभातून बाहेर काढून जेवणाला न्यायचं. दूतावासाजवळच्या हॉटेलातून दूरच्या हॉटेलात. मग पुढची भेट फोनवर न ठरवता याच भेटीत ठरवायची. मग सहज म्हणायचं, ‘आपल्या भेटीचं ऑफिसात कशाला सांगतोस, उगाच प्रश्न विचारतील.’ प्रत्येक पायरीवर समोरचा काहीतरी किंचित लपवायला शिकतो. कधी त्याच्याकडून निरुपद्रवी टिपण मागतात, त्याच्या देशातल्या पिकाबद्दल किंवा बंदरातल्या गर्दीबद्दल, आणि ‘मोबदला’ म्हणून थोडे पैसे देतात. टिपणाची किंमत शून्य असते. पैसे घेऊन कागद देण्याची सवय लागते, ती किंमत.

इथे बिघडतं ते असं. सोव्हिएत अधिकाऱ्याला परदेशी माणसाशी झालेली प्रत्येक भेट आपल्या सुरक्षा अधिकाऱ्याला सांगणं बंधनकारक असे. त्याने सांगितलं, तर त्या क्षणापासून तो केजीबीच्या हुकुमाने तुमच्याशी जेवतो आणि तुम्ही त्याला नव्हे, तो तुम्हाला जाळ्यात ओढत असतो. म्हणून ऑफिसर सगळ्यात जास्त एकच गोष्ट शोधत असतो: याने भेटीबद्दल वर कळवलंय का? थेट विचारता येत नाही. पण दुसऱ्या कुणासमोर तो तुम्हाला ओळख दाखवायचं टाळतो का, ठरलेली वेळ बदलली तर त्याला अडचण होते का, तो अचानक नको तितका मोकळा झालाय का, अशा गोष्टींवरून अंदाज बांधतात.

माणूस का फुटतो, याची चार कारणं अमेरिकन प्रशिक्षणात शिकवत आले आहेत: पैसा, विचारसरणी, दबाव आणि अहंकार. आपल्याकडे कौटिल्याने अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात शत्रूच्या राज्यात फोडता येण्याजोग्या माणसांचे चार गट दिले आहेत: क्रुद्ध, लुब्ध, भीत आणि मानी. लुब्ध म्हणजे पैसा, भीत म्हणजे दबाव, मानी म्हणजे अहंकार, हे सहज जुळतं. उरतो क्रुद्ध, आणि तिथे मला कौटिल्याची यादी जास्त खरी वाटते. ज्याला आपण विचारसरणी म्हणतो तो बहुतेक वेळा राग असतो. बढती डावलली, बापाला छळलं, बायकोच्या घरच्यांना मारलं. टोल्काचेव्हच्या बायकोचे आईवडील स्टॅलिनच्या १९३०च्या दशकातल्या दमनाचे बळी होते, आणि त्याने आपल्या कामामागे हेच कारण सांगितलं. लोकशाहीवरचं प्रेम त्यात होतं, पण मागाहून.

दबावाबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. आपण वाचतो तसं फोटो दाखवून धमकावणं केजीबीने पुष्कळ केलं. पण धमकावलेला माणूस किमान काम करतो, खोटं बोलतो आणि संधी मिळताच कबुली देऊन मोकळा होतो. याउलट अलेक्सांद्र ओगोरोद्निकचं उदाहरण. तो बोगोटातल्या सोव्हिएत दूतावासात होता आणि एका स्पॅनिश बाईशी त्याचे संबंध होते. सीआयएला हे फोन चोरून ऐकून कळलं. त्यांनी ते हत्यार म्हणून वापरलं नाही, तिच्यामार्फत त्याच्यापर्यंत पोहोचले आणि मदतीचा हात पुढे केला. त्याला धमकावून फोडलं असतं तर त्याने पुढे मॉस्कोत परराष्ट्र खात्यात बसून कागदांचे फोटो काढले असते, असं मला वाटत नाही.

अहंकाराचं काम पेन्कोव्स्कीच्या बाबतीत उघड दिसतं. १९६१मध्ये तो लंडनला आला तेव्हा दोन ब्रिटिश आणि दोन अमेरिकन ऑफिसर माउंट रॉयल हॉटेलात रात्री त्याच्याशी बोलत बसत. लंडन आणि पॅरिस मिळून हे बोलणं सुमारे १४० तास चाललं. त्याला आपण दोन्ही सैन्यांत कर्नल आहोत असं वाटायला हवं होतं, म्हणून ब्रिटिश आणि अमेरिकन कर्नलचे गणवेश आणून त्याला घातले आणि फोटो काढले. वेळ फुकट गेला का? नाही. पाच हजारांहून जास्त कागदांचे फोटो पुढे त्याच माणसाने दिले.

दिल्लीचा धागा आपल्यासाठी खास. जीआरयूचा दिमित्री पोल्याकोव्ह १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकनांसाठी काम करत होता. आधी न्यूयॉर्कमध्ये एफबीआयकडे, मग रंगूनला सीआयएकडे, आणि १९७०च्या दशकात दोन वेळा दिल्लीतल्या नेमणुकीवर. त्याने वर्षाला तीन हजार डॉलरपेक्षा जास्त घेतले नाहीत, आणि तेही बरेचसे सुतारकामाची यंत्रं, मासेमारीचं साहित्य आणि शिकारीच्या बंदुका अशा रूपात. मोठी रोकड सोव्हिएत जनरलच्या घरात दिसली की प्रश्न येतो. ड्रिल मशीनबद्दल कोणी विचारत नाही. १९८०मध्ये त्याला मॉस्कोला परत बोलावलं, १९८८मध्ये गोळी घातली.

‘पिच’, म्हणजे उघडपणे विचारणं, हे लग्नाच्या बोलणीसारखं: विचारायच्या आधीच उत्तर माहीत असायला हवं. नसेल तर विचारू नये. जागा एकांताची, वेळ पुरेशी, आणि समोरच्याला रात्री घरी जायची घाई नसावी. बऱ्याचदा ज्याने मैत्री केली तो विचारत नाही, त्यासाठी दुसराच ऑफिसर विमानाने येतो. नकार आला आणि त्याने बोंब मारली तरी स्टेशनचा माणूस वाचावा, हा हेतू. उलट टोकाचं उदाहरण मे २०१३चं. मॉस्कोतल्या अमेरिकन दूतावासातल्या थर्ड सेक्रेटरीला रशियनांनी विग, शहराचा नकाशा, होकायंत्र आणि ‘प्रिय मित्रा’ अशी सुरुवात असलेल्या पत्रासह पकडलं आणि सगळं टीव्हीवर दाखवलं. पत्रात चर्चेसाठी एक लाख डॉलर, पुढे वर्षाला दहा लाखांपर्यंत, आणि नवं जीमेल खातं कसं उघडायचं याच्या सूचना होत्या. विग आणि होकायंत्रावर लोक हसले, पण ती साधनं धंद्यातली नेहमीचीच. वेगळी होती ती घाई. तयारीचे महिने असले तर ते त्या कागदात कुठे दिसत नव्हते.

आणि जो आपणहून येतो त्याचं काय? त्याच्याबाबतीत मोठा धोका म्हणजे त्याला हाकलून देणं. पेन्कोव्स्कीने पत्र दिल्यापासून पहिल्या प्रत्यक्ष भेटीपर्यंत आठ महिने गेले. मॉस्कोला पाठवलेल्या तरुण अमेरिकन ऑफिसरला ते काम झेपलं नाही, शेवटी ब्रिटिशांच्या व्यापाऱ्यामार्फत धागा जुळला. टोल्काचेव्हची गोष्ट याहून वाईट. पेट्रोल पंपावर त्याने गाडीच्या खिडकीतून चिठ्ठी आत टाकली. मुख्यालयाने सांगितलं, केजीबीचा सापळा असेल, दुर्लक्ष करा. तो पुन्हा आला, पुन्हा नाही. एकदा तर त्याने गाडीवर हाताने थापा मारल्या. त्याच वर्षी ओगोरोद्निक पकडला जाऊन मेला, मॉस्कोच्या अमेरिकन दूतावासात आग लागली आणि सीआयएचा प्रमुख स्टॅन्सफिल्ड टर्नरने मॉस्कोतल्या कारवायाच थांबवल्या. टोल्काचेव्हने पुढच्या पत्रात रडारची खरी माहिती दिली आणि घरचा फोन नंबर दिला, पण शेवटचे दोन आकडे सोडून. ते दोन आकडे प्लायवुडच्या तुकड्यावर लिहून तो ठरल्या वेळी रस्त्यावर उभा राहिला. दूतावासाची गाडी तिथून गेली, आकडे मिळाले. खोटा माणूस इतका विचार करत नाही, हे तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं.

इथून खरं काम सुरू होतं. ते कसं चालतं ते एका सामानाच्या पिशवीवरून बघा. ऑगस्ट १९७८मध्ये टोल्काचेव्हच्या घराजवळच्या एका फोन बूथमागे बांधकाम मजुराचा घाणेरडा हातमोजा टाकला होता. कुणी उचलू नये इतका घाणेरडा, पण रस्त्यावर शोभेल असा. आत होतं सूचनांचं पत्र, गुप्त शाईने लिहायचे कागद आणि एकदाच वापरायच्या संकेताचं पॅड. फोनवर ‘चुकून’ लागलेला कॉल यायचा आणि पलीकडचा माणूस विचारायचा, ‘ओल्गा आहे का?’ किंवा ‘अ‍ॅना?’ किंवा ‘नीना?’. प्रत्येक नावाची सामान ठेवायची जागा वेगळी. ‘वलेरी’ म्हटलं तर प्रत्यक्ष भेट. उत्तर नेहमी एकच: चुकीचा नंबर. केजीबीने तो फोन ऐकला तरी काही हाती लागत नाही.

पहिली समोरासमोर भेट १ जानेवारी १९७९ला झाली. नववर्षाच्या दिवशी पाळत ढिली असते, हे कारण. रशियन अस्खलित बोलणारा जॉन गिल्शर त्याच्याबरोबर बर्फातून चालला आणि टोल्काचेव्हने हाताने लिहिलेली नव्वदहून अधिक पानं दिली. पुढच्या सहा वर्षांत वीसहून जास्त भेटी झाल्या, त्याही केजीबीच्या मुख्यालयापासून तीन मैलांच्या आत. टोल्काचेव्ह राहायचा ती उंच इमारत दूतावासापासून चालत जाण्याइतकी जवळ होती. तयार असल्याची खूण म्हणून तो दुपारी ठराविक वेळी खिडकीची वरची छोटी फट उघडी ठेवायचा.

भेटीची वेळ पंधरा-वीस मिनिटं, तयारी काही आठवडे. ऑफिसर घरून निघतो ते तीन-चार तास आधी. बायकोबरोबर गाडीने दुकानात जातो, मित्राकडे थांबतो, मग गाडी सोडून बस, ट्रॉली, पायी. प्रत्येक टप्प्याला घरगुती कारण असावं लागतं. मागे वळून बघायचं नाही, दुकानाच्या काचेत बघत थांबायचं नाही. पाळत शोधणाऱ्या माणसासारखं वागलात की पाळत ठेवणाऱ्याला कळतंच. तपासायचं असतं ते एवढंच: तोच चेहरा किंवा तीच गाडी वेगळ्या वेळी, वेगळ्या ठिकाणी, दिशा बदलूनही दिसते का? दिसली तर चुकवायचं नाही. तुम्ही चुकवलं की तुम्ही ऑफिसर आहात याचा पुरावा मिळतो आणि पुढचे दोन वर्षं चोवीस तास माणसं मागे लागतात. गुमान जाऊन आइसक्रीम खायचं आणि घरी यायचं. एजंट थंडीत एकटा उभा राहील, पण त्याला माहीत असतं की पंधरा मिनिटांत कुणी आलं नाही तर निघायचं आणि अमुक तारखेला दुसऱ्या जागी यायचं.

पाळत सतत असेल तर युक्त्या लागतात. १९८०मध्ये एका ऑफिसरने दूतावासातल्या तंत्रज्ञाचा वेश घेऊन बाहेर पडून दाखवलं, कारण तंत्रज्ञामागे केजीबी माणसं घालवत नसे. १९८२मध्ये वापरलेली युक्ती अशी: मागे पाळतीची गाडी असताना वळणावर एक-दोन सेकंद दृष्टीआड होता येतं. तेवढ्यात शेजारच्या सीटवरचा ऑफिसर हळू चाललेल्या गाडीतून उतरतो आणि त्याच्या जागी ठेवलेल्या केकच्या खोक्यातून माणसाच्या आकाराची सपाट बाहुली उभी राहते. मागच्या गाडीला दोन डोकी दिसत राहतात. ड्रायव्हरला मात्र संध्याकाळभर त्या बाहुलीशी गप्पा मारत फिरावं लागतं.

मॉस्कोत काही वर्षं सगळ्यात कमी पाळत बायकांवर होती, कारण केजीबीला वाटायचं त्या फक्त टायपिस्ट असणार. मार्था पीटरसन याचमुळे ओगोरोद्निकसाठी सामान ठेवू शकत होती. तिच्या कपड्यांखाली केजीबीच्या पाळत ठेवणाऱ्यांची वायरलेस बोलणी पकडणारं यंत्र असायचं. १५ जुलै १९७७ला तिला क्रास्नोलुझ्स्की पुलावर पकडलं. तिने सामान खोट्या डांबराच्या ढेकळात भरून ठेवलेलं होतं. तिने मोठ्याने आरडाओरडा केला, एजंट जवळ असेल तर त्याला सावध व्हावं म्हणून. एजंट काही आठवड्यांपूर्वीच मेला होता. अटकेत कबुली लिहायला त्याने आपलंच पेन मागितलं होतं आणि त्यात सीआयएने दिलेलं विष होतं. विषाची गोळी एजंटला द्यायची का, यावर मुख्यालयात नेहमी भांडण होतं. ऑफिसर द्यायच्या बाजूने असत, मुख्यालयातले वरिष्ठ कचरत. टोल्काचेव्हनेही मागितली, बरीच चालढकल होऊन मिळाली.

प्रत्यक्ष भेटीचा क्रम ठरलेला असतो. सुरुवातीलाच तीन गोष्टी: किती वेळ आहे, पुढची भेट कधी-कुठे आणि ती चुकली तर पर्याय कुठला, मध्येच पोलीस आला तर आपण कोण. हे आधी, कारण दहाव्या मिनिटाला पळावं लागलं तर पुढचा धागा तुटू नये. मग सुरक्षा: ऑफिसात काही बदललं का, कुणी नवीन प्रश्न विचारले का. मग कागद आणि फिल्म. शेवटी माणूस: तब्येत, बायको, मुलगा. नवे ऑफिसर हा शेवटचा भाग घाईत उरकतात, कारण अहवालात त्याचे गुण मिळत नाहीत. एजंट मात्र वर्षभर त्याच पाच मिनिटांसाठी जगतो. टोल्काचेव्ह मुलासाठी पाश्चात्त्य संगीत मागायचा, औषधं मागायचा, पुस्तकं मागायचा. वस्तू परदेशी दिसू नये म्हणून सीआयएला पूर्व युरोपीय बनावटीच्या शोधाव्या लागत. पैसे बहुतेक खात्यात जमा राहत. मॉस्कोत रूबल खर्च करायला जागा नव्हती, आणि जास्त खर्चाने शेजाऱ्याच्या भुवया उंचावतात.

साधनांचं म्हणाल तर सगळ्यात उपयोगी पडला तो साधा पेंटॅक्स कॅमेरा. आधी दिलेले छोटे कॅमेरे कमी उजेडात वाचता न येणारे फोटो काढायचे. मग टोल्काचेव्ह जेवणाच्या सुट्टीत कोटाखाली कागद घालून घरी आणायचा, खुर्चीच्या पाठीला पेंटॅक्स पकडीने बसवायचा आणि बायको कामावर असताना फोटो काढायचा. मग संस्थेने नियम बदलला: गुप्त कागद घेताना इमारतीचा पास ग्रंथालयात ठेवायचा. पास नसला तर बाहेर जाता येत नाही. सीआयएने त्याच्या पासची हुबेहूब नक्कल केली, आणि ग्रंथालयातल्या त्याच्या नोंदीच्या कार्डाचीही, कमी कागद घेतल्याचं दाखवणारी. अशा कामात छायाचित्रातल्या रंगाची जरा फेरफार झाली तरी खेळ संपतो, म्हणून तंत्रज्ञांनी त्यावर महिने घालवले.

चूक एकाच जागी होते असंही नाही. पेन्कोव्स्कीच्या बाबतीत ब्रिटिश ऑफिसरची बायको जॅनेट चिझम मुलांना घेऊन बागेत यायची आणि मिठाईच्या डब्यातून फिल्म घ्यायची. युक्ती छान, पण भेटी फारच वारंवार झाल्या. शिवाय तिच्या नवऱ्याबरोबर बर्लिनमध्ये काम केलेला जॉर्ज ब्लेक आधीपासून केजीबीचा होता, त्यामुळे ते कुटुंब कोण हे त्यांना माहीतच होतं. २२ ऑक्टोबर १९६२ला, क्युबाच्या क्षेपणास्त्रांच्या पेचात, पेन्कोव्स्कीला अटक झाली.

ऑफिसरची नेमणूक दोन-तीन वर्षांची, एजंट कदाचित पंधरा वर्षांचा. म्हणजे सोपवणी होणारच. नियम असा की जुना आणि नवा दोघं एका भेटीला हजर राहावेत. मॉस्कोत ते शक्य नसल्याने पत्रातून ओळख करून देतात. एजंटला नवा माणूस आवडत नाही, पहिल्याशी नातं असतं. पण हेही कारण नवाच माणूस बसवायचं: पहिला ऑफिसर एजंटच्या प्रेमात पडून त्याच्या खोट्या बातम्यांकडे कानाडोळा करायला लागलेला असतो. १९८७मध्ये व्हिएन्नात फुटलेल्या एका क्यूबन अधिकाऱ्याने सांगितलं की क्यूबात सीआयएचे जे डझनावारी एजंट होते, त्यातले जवळजवळ सगळे क्यूबाच्याच पगारावर होते. सगळ्यांच्या फाइलमध्ये प्रश्नावली नीट भरलेल्या होत्या. त्यांना जोडणाऱ्यांना बढत्याही मिळाल्या असणार.

आणि एवढ्या तयारीनंतर सोव्हिएत एजंट पडले ते मॉस्कोच्या रस्त्यावर नाही, वॉशिंग्टनच्या बाजूने. सीआयएच्याच एडवर्ड ली हॉवर्ड या नव्या ऑफिसरला मॉस्कोला पाठवायचं म्हणून टोल्काचेव्हची माहिती दिली, पाळत चुकवायचं शिक्षण दिलं, आणि १९८३मध्ये पॉलिग्राफमध्ये, म्हणजे खोटं पकडणाऱ्या चाचणीत, अडकला म्हणून नोकरीवरून काढलं. मग तो कुठे जातो, काय करतो यावर कुणाचं पुरेसं लक्ष नव्हतं, आणि त्याने ती माहिती केजीबीला दिली. जून १९८५मध्ये टोल्काचेव्ह पकडला गेला. सप्टेंबरमध्ये एफबीआय मागावर असताना हॉवर्ड सांता फेमध्ये बायको चालवत असलेल्या गाडीतून वळणावर उडी मारून निसटला, आणि सीटवर बाहुली ठेवली. सीआयएने शिकवलेलीच युक्ती. सीआयएच्याच ऑल्ड्रिच एम्सचं आणखी विचित्र. अंकारात १९७०च्या आसपास त्याची ऑफिसर म्हणून कामगिरी सुमार होती, माणसं जोडणं त्याला जमत नव्हतं. वॉशिंग्टनमध्ये मात्र त्याला सोव्हिएत दूतावासातल्या एका अधिकाऱ्याशी ओळख वाढवायचं काम दिलं होतं, त्यामुळे तिथे त्याचं जाणंयेणं अधिकृत झालं. १६ एप्रिल १९८५ला तो त्याच दारातून आत गेला आणि ५०,००० डॉलर मागितले. १३ जूनला त्याने दहाहून जास्त एजंटांची नावं दिली. त्याच तारखेला मॉस्कोत टोल्काचेव्हला भेटायला आलेला ऑफिसर पकडला गेला.

आज बायोमेट्रिक पासपोर्ट, रस्त्यावरचे कॅमेरे आणि खिशातला फोन यामुळे दोन नावांनी फिरणं जवळपास संपलंय. २०१०नंतर चीनमध्ये सीआयएचे निदान डझनभर एजंट मारले गेल्याच्या बातम्या आल्या, त्यात संपर्काची इंटरनेटवरची यंत्रणाच फोडली गेल्याचं सांगितलं गेलं. ऑफिसरला तीन तासांची फेरी मारूनही उपयोग नाही, जर घरी ठेवलेला फोन नेहमीपेक्षा तीन तास गप्प राहिला असेल. म्हणून सीआयए आता रशियन, चिनी, कोरियन, फारसी भाषांत व्हिडिओ आणि सूचना टाकते: इंटरनेटवर ओळख लपवणारा टॉर ब्राउझर कसा वापरायचा, घरचा फोन वापरू नका, काय माहिती पाठवायची. म्हणजे टोल्काचेव्हला पुन्हा पुन्हा करावं लागलेलं काम आता समोरच्याने एकदाच, सुरक्षित करावं अशी सोय. चिठ्ठी आत घेणाऱ्याची चाळणी मात्र पूर्वीइतकीच अवघड राहिली आहे, कारण त्या पत्त्यावर केजीबीचे वारसदारही चिठ्ठ्या टाकतात.